कुडुख कवींच्या वाचनाची सुरुवात कोठून करावी?

खारीगावची वाचक

नमस्कार. ठाण्यात आमचे एक छोटे वाचकमंडळ आहे. गेल्या वर्षी आम्ही वाहरू सोनवणे यांचा 'गोधड' आणि भुजंग मेश्राम यांचा 'उलगुलान' हे संग्रह एकत्र बसून वाचले, आणि त्यानंतर महाराष्ट्राबाहेरच्या आदिवासी कवितेकडे वळावे असे सर्वांनाच वाटू लागले. ऑगस्टच्या बैठकीसाठी झारखंड आणि छत्तीसगडमधील कुडुख समाज, ज्याला बाहेरचे लोक उरांव म्हणून ओळखतात, त्यातील कवी निवडायचे ठरले आहे. मात्र जी नावे हाती लागतात ती बहुतेक हिंदीत लिहिणाऱ्यांची आहेत. आमच्या मंडळातील एका ज्येष्ठ सदस्यांचे म्हणणे असे, की जो हिंदीत लिहितो तो हिंदी कवी; त्याला कुडुख कवी का म्हणायचे? मला हे पटत नाही, पण मुद्देसूद उत्तर देता येत नाही. कोणाला वाचावे आणि कोणत्या क्रमाने, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

ऐरोलीकर

ताई, आपल्या ज्येष्ठ सदस्यांचा प्रश्न रास्त आहे, परंतु त्याचे उत्तर कवींच्या निष्ठेत नसून शाळा, छपाई आणि मान्यता यांच्या व्यवस्थेत आहे. कुडुख ही द्राविडी कुळातली भाषा. राजमहालच्या टेकड्यांतील मालतो आणि थेट बलुचिस्तानातील ब्राहुई या तिच्या जवळच्या भाषा मानल्या जातात. २०११ च्या जनगणनेत ती बोलणारे सुमारे २० लाख लोक नोंदले गेले, तरीही राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत, म्हणजे मान्यताप्राप्त भाषांच्या यादीत, तिला स्थान नाही. मूल घरात कुडुख बोलते आणि शाळेत गेले की हिंदीत लिहायला शिकते. पुढे त्याने कविता लिहिली आणि ती छापावीशी वाटली, तर प्रकाशक, मासिके आणि पुरस्कार हिंदीतच असतात.

साहित्य अकादमीची उदाहरणे घ्या. रांचीच्या गोस्नर कॉलेजचे संस्थापक आणि आयुष्यभर कुडुखसाठी झटलेले निर्मल मिंज यांना २०१६ चा भाषा सन्मान मिळाला. अकादमीच्या मान्यताप्राप्त यादीबाहेर राहिलेल्या भाषांसाठी तो दिला जातो. उलट, गुमला जिल्ह्यातील पार्वती तिर्की यांच्या 'फिर उगना' या संग्रहाला २०२५ चा युवा पुरस्कार मिळाला तो हिंदीसाठी. त्या कवितांमधले ऋतू, पक्षी, आजीच्या गोष्टी आणि गावाचे नाचाचे अंगण हे सगळे कुडुख जगातले आहे. अशा संग्रहाला केवळ 'हिंदी' म्हणून सोडून दिले, तर त्यातला अर्धा मजकूर न वाचल्यासारखा होईल.

तलावपाळीवरून

मी निवड करायची झाल्यास ग्रेस कुजूर यांच्या 'एक और जनी शिकार' या कवितेपासून आरंभ करीन, कारण या एका कवितेत समाजाची स्मृती आणि आजचा प्रश्न एकत्र आलेले आहेत. जनी शिकार म्हणजे दर १२ वर्षांनी येणारी स्त्रियांची शिकार. बायका पुरुषांचा वेश करतात, धनुष्यबाण आणि कुऱ्हाडी घेऊन घराबाहेर पडतात आणि वाटेतल्या गावांतून पुढे जातात. आजच्या बिहारमधील रोहतासगडावर शत्रू चालून आला तेव्हा सिनगी दई आणि तिच्या सोबतिणींनी पुरुषवेशात किल्ला लढवला, अशी आठवण समाजाने या प्रथेत जपली आहे. कुजूर यांच्या कवितेत जंगल ओरबाडले गेले आहे आणि रिकामी गलोल हलवीत फिरणाऱ्या सोबत्याला ती स्त्री जाब विचारते. अजूनही तुझी बोटे थरथरत असतील तर मीच पुन्हा सिनगी दई होईन, असे ती बजावते. आपल्याकडे लढाऊ स्त्रीचे चित्र बहुतेक वेळा राजघराण्यातले असते. इथे ते साऱ्या गावातल्या बायकांचे आहे, आणि मला ही या कवितेची सर्वांत मोठी ताकद वाटते.

त्यानंतर जसिंता केरकेट्टा. त्यांचा जन्म १९८३ मध्ये पश्चिम सिंहभूम जिल्ह्यात झाला. त्या पत्रकारही आहेत. 'अंगोर' (२०१६), 'जड़ों की ज़मीन' आणि 'ईश्वर और बाज़ार' हे त्यांचे संग्रह. 'नदी, पहाड़ और बाज़ार' या कवितेत धाकट्या पिढीचा हात धरून बाजारात निघालेली बाई दुकानदाराकडे थोडा पाऊस, थोडी ओली माती, बाटलीभर नदी आणि डबाबंद डोंगर मागते. पारसिकच्या आणि तुर्भ्याच्या डोंगरातल्या खाणी ज्यांनी पाहिल्या आहेत, त्या ठाणे-नवी मुंबईच्या वाचकांना ही मागणी वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. केरकेट्टांनी पुरस्कारही नाकारले आहेत; २०२३ मध्ये एका माध्यमसमूहाचा सन्मान त्यांनी मणिपूरमधील हिंसाचाराच्या पार्श्वभूमीवर घेतला नाही. पण बैठकीत याच गोष्टीवर अधिक वेळ घालवू नये, असे मला वाटते. कवयित्रीची भूमिका तिच्या कवितेत पुरेशी स्पष्ट आहे आणि त्या कवितेकडे कविता म्हणून पाहिले जाणे हा तिचा हक्क आहे.

घणसोली सेक्टर

वरच्या दोन्ही उत्तरांबद्दल आदर आहे, तरीही आरंभ छापील हिंदी कवितेने करण्यास माझा विरोध आहे. कुडुख कविता आधी गाणे आहे. सरहूल, करम, जत्रा, लग्न अशा प्रत्येक प्रसंगाची गाणी निराळी असतात आणि ती धुमकुडियात, म्हणजे तरुण मुलामुलींच्या सामूहिक घरात, एका पिढीकडून दुसरीकडे जात असत. धर्मदास लकडा आणि ब्रिटिश सनदी अधिकारी डब्ल्यू. जी. आर्चर यांनी १९४० च्या सुमारास 'लील खोरआ खेखेल' या नावाने अडीच हजारांहून अधिक गाणी मूळ भाषेत छापली. आर्चर यांचे नाव सगळे घेतात, लकडांचे फारसे कोणी घेत नाही. आपण तरी घ्यावे.

लिपीबाबतही एक गोष्ट सांगायला हवी. कुडुख बहुतांशी देवनागरीत छापली जाते, त्यामुळे आपल्याला अक्षरे वाचता येतात, मात्र अर्थ लागत नाही. डॉ. नारायण उरांव या वैद्यकीय डॉक्टरांनी तिच्यासाठी तोलोंग सिकी ही स्वतंत्र लिपी घडवली, आणि २०२५ मध्ये तिला युनिकोडमध्ये जागा मिळाली. म्हणजे मोबाइलवर कुडुख तिच्या स्वतःच्या अक्षरांत लिहिण्याचा मार्ग आता कुठे मोकळा होत आहे. पुढच्या दहा-वीस वर्षांत ही भाषा किती लिहिली जाईल, याचा बराचसा निकाल अशा कामांवर लागेल.

ऐरोलीकर

घणसोलीकरांचा मुद्दा मान्य आहे. एक सावधगिरी मात्र सुचवतो. केवळ आडनावावरून समाज ठरवू नये. टोप्पो, मिंज, खाखा, एक्का ही गोत्रनामे कुडुखांत आहेत, पण केरकेट्टा हे आडनाव खडिया समाजातही आढळते. ज्येष्ठ लेखिका रोज केरकेट्टा खडिया होत्या. आणि यादीत अभय खाखा यांचे नाव अवश्य घाला. छत्तीसगडमधील जशपूरकडचे हे कार्यकर्ते आणि संशोधक २०२० मध्ये अकाली गेले. 'मी तुमचा डेटा नाही' असे बजावणारी त्यांची इंग्रजी कविता अभ्यासकांना थेट उद्देशून आहे. आपल्यासारख्या वाचकमंडळांनाही ती लागू पडते.

खारीगावची वाचक

सर्वांचे मनापासून आभार. आता क्रम असा ठरवते: प्रथम 'लील खोरआ खेखेल'मधील दोन गाणी, मूळ कुडुख मोठ्याने वाचून मग अर्थ, त्यानंतर ग्रेस कुजूर, जसिंता केरकेट्टा आणि पार्वती तिर्की, शेवटी अभय खाखा. कुडुख कवी महादेव टोप्पो यांच्यासाठी स्वतंत्र बैठक घ्यावी लागेल, कारण त्यांचे निबंधही वाचायचे आहेत. गाण्यांचे उच्चार आमच्यापैकी कोणालाच येत नाहीत. ठाणे किंवा नवी मुंबईत राहणारे कोणी कुडुखभाषक हे वाचत असतील आणि त्यांना यावेसे वाटले, तर पहिले वाचन त्यांनीच करावे. कोणती गाणी घ्यायची हेही त्यांनीच ठरवावे.