भरलेल्या पिकअपचा ॲव्हरेज पडलाय : ईजीआर बंद करू की रिमॅप?

खेप_रोजची
गाडी अडीच लिटर कॉमनरेल डिझेल, बीएस ६, माल दीड टन. मार्केट यार्ड ते सातारा, रोज एक खेप. ॲव्हरेज १३.५ होता, तीन महिन्यांत ११ वर आला. गॅरेजवाला म्हणतो ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) ब्लँक करू, डीपीएफ (सायलेन्सरच्या लाइनमधला काजळीचा फिल्टर) पोकळ करू, वर रिमॅप मारू, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलू. करावं का?

लीकऑफ
दादा, तेच इंजिन १३.५ देत होतं ना? मग बदल कशाला, बिघाड शोधा. रिमॅपनं तो झाकला जाईल, एवढंच.

आधी डिपस्टिक काढा. ऑइल मॅक्सच्या वर चढलंय आणि डिझेलचा वास येतोय, तर डीपीएफ वरचेवर रिजनरेशन करतोय, म्हणजे साठलेली काजळी जाळतोय. त्यासाठी ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) जादा डिझेल सोडतो, त्यातलं थोडं ऑइलमध्ये उतरतं. आता काजळी वाढली कशानं? पहिला संशय इंटरकूलरच्या (टर्बोची हवा थंड करणारी जाळी) होजवर. सेन्सरनं मोजलेली हवा वाटेतच गळते, डिझेल मात्र पूर्ण हवेच्या हिशोबानं पडतं. क्लिपांपाशी ताजा तेलकट डाग दिसतोय का पाहा, साबणाचं पाणी मारून रेस करा, बुडबुडे येतील.

होज ठीक निघाली तर इंजेक्टर. चारही रिटर्न पाइप (उरलेलं डिझेल परत नेणारे) चार सारख्या बाटल्यांत सोडून गाडी आयडलला ठेवा. एक बाटली इतरांपेक्षा बरीच लवकर भरली, तर तो इंजेक्टर झिजलाय. प्रेशरच्या पाइपाचा नट चालू इंजिनावर अजिबात सैल करू नका, डिझेलची धार कातडीत घुसते.

थर्मोस्टॅट (कूलंटचा व्हॉल्व्ह) उघडा अडकला असेल तर तापमानाचा काटा हायवेवर खाली पडतो. थंड इंजिन डिझेल जास्त पितं.

हब_गरम
इंजिन उघडण्याआधी चाकं. दहा किलोमीटर चालवून चारही हबजवळ हात न्या (चिकटवू नका, भाजेल). एकच जास्त तापलं असेल तर ब्रेकचं लायनर घासतंय. हवा सकाळी, टायर थंड असताना, दाराच्या स्टिकरवरच्या लोडच्या आकड्याप्रमाणे भरा.

ताडपत्री केबिनच्या वर फुगते का? ८० ऐवजी ६५ नं चाललात तर हवेचा विरोध तिसऱ्या हिश्शानं कमी होतो. कुठलाही रिमॅप एवढं देत नाही.

डीपीएफ काढणं बेकायदा आहे. मोटार वाहन कायदा कलम १८२अ(४): दर बदलाला ५,००० दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पासिंगला अडकाल ते वेगळंच. ईजीआर तर पूर्ण लोडवर जवळजवळ बंदच असतो, खंबाटकी घाट चढताना तो ब्लँक करून काय वाचणार? वर चेक लॅम्प लागेल.

खेप_रोजची
ऑइल मॅक्सच्या बोटभर वर आहे. वासही येतोय.

लीकऑफ
मग उद्याची खेप थांबवा. पातळ ऑइलवर टर्बोची बेअरिंग आधी जातात. होज तपासून घ्या, ऑइल-फिल्टर बदला, मग स्कॅनर लावून वर्कशॉपमध्ये फोर्स्ड रिजनरेशन. ऑइल डीपीएफला चालणारं लो-ॲश हवं, साध्याची राख फिल्टरमध्ये बसते आणि ती जळत नाही. ॲव्हरेज त्यानंतर मोजा : एकाच पंपावर, पहिल्या ऑटो कटपर्यंत, सलग तीन टाक्या.

हब_गरम
आणि डिझेल लाइनवर चुंबक लावायला कुणी सांगितलं तर नाही म्हणा. ते पैसे ऑइलला लागतील.