‘बेघर’ हा शब्द कोणासाठी? प्रश्नावलीच्या भाषांतरातील अडचण

रातवा: शहरातल्या बेघरांच्या जगण्यावरील एका संशोधनाची प्रश्नावली मी मराठीत आणत आहे. मूळ मसुद्यात ‘हाउसलेस’ आणि ‘होमलेस’ हे शब्द वेगळ्या अर्थांनी येतात. पहिला जनगणनेचा आहे, आणि त्यात इमारतीत न राहता रस्त्याकडेला, पदपथावर, ह्यूम पाइपात, उड्डाणपुलाखाली, देवळाच्या आवारात किंवा फलाटावर राहणारी माणसे मोडतात. २०११ मध्ये देशात अशी सुमारे १७.७ लाख माणसे नोंदली गेली. दुसऱ्यात रात्रनिवाऱ्यात झोपणारा किंवा आज या ओळखीच्या घरी, उद्या त्या घरी पथारी टाकणाराही येतो. मी दोन्हीकडे ‘बेघर’ लिहिले. चाचणीच्या वेळी पदपथावर संसार केलेल्या एक बाई मला म्हणाल्या, “बेघर कुनाला म्हनता? चूल हाय, पोरं शाळंत जात्यात. पत्ता तेवढा न्हाई.” तेव्हापासून माझा हात थांबला आहे.

शब्दवेल्हाळ: मुळात ‘बे’ हा फारसी उपसर्ग आहे. गीतेच्या बाराव्या अध्यायात ‘अनिकेतः स्थिरमतिः’ असा शब्द आहे. ‘अनिकेत’ का घेऊ नये?

पालवी: दादा, तिथला अनिकेत हा घराची आसक्ती सुटलेला भक्त आहे. ज्याचे बोचके पालिकेच्या गाडीत गेले, त्याला तो शब्द लावणे मला अन्यायाचे वाटते. शिवाय ‘बेसावध’ आणि ‘बेचव’ यांत ‘बे’ देशी शब्दांशी केव्हाच एकरूप झाला आहे.

शब्दवेल्हाळ: मग ‘निराधार’ घ्या. तो शुद्ध आहे आणि सर्वांना कळतो.

सांजवात: आमच्या आत्या संजय गांधी निराधार अनुदान योजनेच्या लाभार्थी होत्या आणि शेवटपर्यंत स्वतःच्या दोन खोल्यांत राहिल्या. उलट पदपथावरची कितीतरी माणसे राबून खातात. मुंबईच्या पदपथवासीयांच्या खटल्यात १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कात धरला, आणि ती माणसे कामाच्या जवळ राहता यावे म्हणून तिथे राहतात हेही त्याने मान्य केले. तरीही पुरेशी सूचना देऊन त्यांना हटवण्याची मुभा त्याने दिलीच. अशांना निराधार म्हटले, तर त्यांचे श्रम नोंदीतून पुसले जातात.

पालवी: आमच्याकडे ‘उघड्यावर पडले’ असे म्हणतात. त्यात घर होते आणि गेले, हा काळही येतो, जो ‘बेघर’मध्ये येत नाही.

शब्दवेल्हाळ: ‘उघड्यावर’ हे क्रियाविशेषण आहे, सारणीच्या रकान्यात ते कसे बसणार? ‘निवारा’ निवारणातून आला, म्हणून ‘निवाराहीन’ हा माझा पर्याय राहील.

सांजवात: पण रात्रनिवाऱ्यात झोपणाऱ्याला निवाराहीन कसे म्हणायचे? रातवाताई ज्याला दुसऱ्या शब्दात मोजू पाहतात, नेमका तोच त्यातून वगळला जाईल.

रातवा: हेच मला छळते आहे. पहिल्यासाठी तूर्त ‘उघड्यावर राहणारे’ असे लिहिले आहे. दुसऱ्याचा रकाना कोराच आहे, आणि मसुदा परवा द्यायचा आहे.

शब्दवेल्हाळ: ‘निकेत’ची व्युत्पत्ती उद्या सविस्तर लिहितो.