मदत हवी आहे: अपघात सरला, शरीरातली भीती जात नाही

एक्स्प्रेसवेवरच्या अपघातातून धाकटी बहीण वाचली, हाडंही जुळली. पण मागून ट्रकचा हॉर्न वाजला की अजूनही तिचे खांदे आखडतात, श्वास अडकतो. मानसोपचारतज्ज्ञांची औषधं चालू आहेत. समुपदेशनही झालं, पण तोच प्रसंग पुन्हा सांगायला ती आता तयार नाही.

अमेरिकी थेरपिस्ट पीटर लेव्हिन यांच्या 'सोमॅटिक एक्स्पीरियन्सिंग' या आघातावरच्या उपचारपद्धतीत सगळं सांगायची सक्ती नसते, शरीरातल्या संवेदनांकडे थोडंथोडं लक्ष देत पुढे जातात, असं वाचलं. दुसरीकडे ईएमडीआरची (डोळ्यांच्या हालचालींच्या मदतीने आघाताच्या आठवणींवर काम करणारी थेरपी) शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्येच केली आहे. आधी कशाकडे वळावं?

पुण्यात कुणी हे उपचार घेतलेत का? थेरपिस्टचं प्रशिक्षण कसं तपासलंत? स्पर्श नको म्हटलं तर चालतं ना? ('विसरून जा' सांगणारे घरात भरपूर आहेत, तो सल्ला नको.)