अवयवदानाचा फॉर्म भरायचाय, पण घरी कसं समजवू?

निळी_छत्री:
नमस्कार. नवऱ्याच्या ऑफिसमधले एक जण मागच्या महिन्यात ब्रेन हॅमरेजने गेले आणि त्यांच्या घरच्यांनी अवयव दिले, तेव्हापासून आमचं दोघांचं चाललंय की आपणही नाव नोंदवून टाकू. काल जेवताना विषय काढला तर सासूबाई ताटावरून उठल्याच. त्यांचं म्हणणं, अंगातलं काही काढून अग्नी दिला तर पुढचा जन्म तसाच येतो, डोळे दिलेला आंधळा जन्मतो. त्या हट्टी नाहीयेत, खरंच घाबरल्यात. आणि खरं सांगते, मलाही एक भीती आहे, आपली नोंदणी आहे हे कळलं तर ॲक्सिडेंट झाल्यावर डॉक्टर वाचवायचे प्रयत्न कमी करतील का? मला शुगर पण आहे, वय ४१, मग माझं काही चालेल का? माहिती नेटवर खूप आहे, पण ज्यांच्या घरात हे झालंय त्यांनी लिहिलं तर बरं होईल.

फलटणकर:
ताई, आमच्या घरात झालंय. माझा धाकटा भाऊ, २७ वर्षांचा, रात्री गाडीवरून येताना पडला, डोक्याला मार, हेल्मेट नव्हतं. पुण्याला आणलं, ऑपरेशन झालं, तिसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले मेंदू गेलाय. हे कानाला ऐकू येतं पण डोक्यात शिरत नाही, कारण समोर छाती वरखाली होतेय, अंग गरम आहे, मॉनिटरवर ठोके दिसतायत. वडील म्हणाले पोरगं श्वास घेतंय आणि तुम्ही गेला म्हणता? मग डॉक्टरांनी आम्हाला बसवून सांगितलं की श्वास तो घेत नाहीये, मशीन घेतंय, आणि मशीन काही मिनिटं बाजूला करून तो स्वतःहून एक तरी श्वास घेतोय का ते तपासतात. ही सगळी तपासणी दोनदा होते, मधे कमीत कमी ६ तास जावे लागतात. ते ६ तास आम्ही जिन्यावर बसून काढले. आई सारखी विचारायची, हलला का, हलला का.

दुसऱ्यांदाही तेच आलं तेव्हा कोऑर्डिनेटर मॅडम आल्या, त्यांनी अवयवदानाचं विचारलं आणि वडील सरळ नाही म्हणाले, त्याला अजून कापायचं नाही म्हणाले. मीही काही बोललो नाही. आई मात्र म्हणाली, लायसनचा फॉर्म भरताना त्यात अवयव द्याल का असं विचारलेलं होतं, तो तेव्हा घरी येऊन मला म्हणाला होता आई मी हो म्हटलंय. बास, एवढं एकच वाक्य. तो बोलला नसता तर आम्ही तसेच घेऊन आलो असतो त्याला, आणि कोणाची चूकही म्हणता आली नसती. वडिलांनी सही केली.

लिव्हर आणि दोन्ही किडन्या गेल्या, डोळेही दिले. ॲक्सिडेंट केस म्हणून पोलिसांचे कागद आणि पोस्टमॉर्टेम असतंच, त्यात वेळ गेला, गावाकडे माणसं दुपारपासून खोळंबली होती आणि फोनवर फोन. ह्याचा त्रास झाला, खोटं कशाला सांगू. पण त्याला नीट शिवून, पुसून दिला, कपडे घातल्यावर काही कळत नव्हतं, आईने तोंडावरून हात फिरवला. कोणाला काय गेलं ते नावानिशी सांगत नाहीत. आई अजून विचारते, बरे असतील ना रे ते.

चाफा_७१:
फलटणकर, तुमच्या आईंना सांगा, बरे आहेत. तुमच्या भावाचीच किडनी असं मी म्हणू शकत नाही, पण माझ्या मिस्टरांना अशीच कोणाची तरी मिळाली. साडेचार वर्षं डायलिसिस, आठवड्यातून तीन दिवस, चार-चार तास. पाणी मोजून प्यायचं, उन्हाळ्यात बर्फाचा खडा चोखून दिवस काढायचा, आंबा समोर असून खायचा नाही कारण पोटॅशियम. माझी किडनी द्यायला गेले तर तपासण्यांत माझंच बीपी निघालं, मोठ्या दिरांचं जमलं नाही, मग झेडटीसीसीच्या, म्हणजे अवयव कोणाला द्यायचे ते ठरवणाऱ्या विभागीय केंद्राच्या, यादीत नाव. रात्री २ ला फोन आला, काही खाऊ नका, लगेच निघा. रिक्षात मिस्टर रडत होते, मला वाटलं आनंदाने, तर म्हणाले अगं कोणाच्या तरी घरात आत्ता काय चाललं असेल. आता गोळ्या जन्मभर आहेत, तब्येतीला जपावं लागतं, पण सकाळी उठून तांब्याभर पाणी एका दमात पितात. आम्हाला त्या घरी जाऊन पाया पडायचं होतं, नियमात बसत नाही. म्हणून इथे लिहिलं.

आयसीयू_सिस्टर:
निळी छत्री, तुमच्या भीतीबद्दल. मी १४ वर्षं आयसीयूत आहे. पेशंट येतो तेव्हा त्याची नोंदणी आहे का हे आम्ही कोणी बघत नाही, बघायला वेळही नसतो. ब्रेनडेड ठरवायला चार डॉक्टरांच्या सह्या लागतात आणि ट्रान्सप्लांट करणाऱ्या टीममधला कोणी त्यात चालत नाही, १९९४ चा कायदाच आहे तसा. शिवाय अवयव चांगले राहायचे तर पेशंटचं बीपी, ऑक्सिजन शेवटपर्यंत नीट सांभाळावं लागतं, म्हणजे उपचार कमी करून कोणाचा फायदाच नाही. घाई असते ती पुढे, हार्ट साधारण ४ तासांत बसवावं लागतं म्हणून ते रस्ते मोकळे करतात, किडनीला त्यामानाने वेळ मिळतो.
शुगर असली तरी फॉर्म भरा. काय घेता येईल ते त्या वेळी डॉक्टर तपासून ठरवतात, डोळे तर बहुतेक वेळा चालतातच. फॉर्म नोटोच्या, म्हणजे अवयवदानाचं काम बघणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेच्या, साईटवर आहे, आधार नंबर टाकला की ओटीपी येतो, पाच मिनिटांचं काम. पण त्यानंतरही सही घरच्यांचीच लागते. मी असे नातेवाईक बघितलेत ज्यांना पेशंटची नोंदणी आहे हे नंतर पाकिटातल्या कार्डावरून कळलं.

मिरजेची_मास्तरीण:
सासूबाईंसाठी लिहिते. आमची आजी ८४ ची, पहाटे घरीच गेली. घरी गेलेल्या माणसाचे हार्ट-किडनी घेता येत नाहीत, डोळे मात्र घेता येतात, ६ तासांच्या आत. तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं होतं तरी चाललं. पंखा बंद केला, पापण्या मिटून वर ओला कापूस ठेवला, डोक्याखाली उशी दिली आणि नेत्रपेढीला फोन. दीड तासात दोघं आले, वीसेक मिनिटांत झालं. शेजारच्या काकू म्हणत होत्या खळगे दिसतील, काही दिसत नाही, झोपल्यासारखीच दिसत होती. माझी आई तिच्याजवळ बसून होती, तिने एवढंच म्हटलं की सासूबाईंना माळेचे मणी दिसेनासे झाले तेव्हा किती रडल्या होत्या. तुमच्या सासूबाईंशी ह्या पुढच्या जन्माच्या भीतीवर वाद घालत बसू नका, वादाने ती जात नाही.

निळी_छत्री:
सगळ्यांचे खूप आभार. आम्ही दोघांनी काल रात्री फॉर्म भरला, सर्टिफिकेट आलं, माझ्या बहिणीला आणि मोठ्या मुलाला दोघांनाही सांगून ठेवलंय. फलटणकर दादांचं लिहिलेलं सासूबाईंना वाचून दाखवलं, मधेच मला पुढे वाचता येईना तेव्हा मुलाने वाचलं. त्या अजून नाहीच म्हणतायत. पण झोपताना आत येऊन विचारलं, त्या मिरजेच्या आजींच्या वेळी पंखा का बंद केला? मी म्हटलं, आई, डोळे सुकू नयेत म्हणून. बराच वेळ बसल्या होत्या माझ्याजवळ.