सगळी पेडलं बंद असली तरी गिटार बद्द वाजते, आणि डिले जोडला की शिट्टी येते

तारसप्तक (नाशिक):

नमस्कार मंडळी. माझी स्ट्रॅट पद्धतीची गिटार आहे, तीन सिंगल कॉइल पिकअपची (तारांची थरथर पकडून विजेत बदलणारी एकेरी वेटोळी). गेल्या दिवाळीपासून एकेक करत पेडलं, म्हणजे पायाने दाबून आवाज बदलायच्या डब्या, जमवली, त्यातली दोन घरीच बांधली. क्रम असा आहे: गिटार, मग घरी बांधलेला जर्मेनियम फझ (आवाज खरखरीत करणारा, दोन एसी१२८ ट्रान्झिस्टरचा), मग घरीच बांधलेला ट्यूब स्क्रीमर या पेडलच्या सर्किटचा ओव्हरड्राइव्ह, मग कोरस, मग डिजिटल डिले (प्रतिध्वनी देणारा) आणि तिथून अँप. चारही पेडलं ट्रू बायपास. गिटारपासून बोर्डापर्यंत ६ मीटरची केबल, बोर्डापासून अँपपर्यंत आणखी ६ मीटर. फझ बॅटरीवर चालतो, बाकीची तिन्ही एकाच ९ व्होल्टच्या अडॅप्टरवर, चेन केबलने.

आता अडचणी. चारही पेडलं बंद ठेवली तरी आवाज बद्द येतो. तीच गिटार छोट्या केबलने थेट अँपला लावली की वरच्या तारा लख्ख बोलतात. दुसरं, डिलेला वीज दिली की बारीक शिट्टी सुरू होते आणि ओव्हरड्राइव्ह दाबला की तीच शिट्टी कान खाते. तिसरं, ओव्हरड्राइव्ह चालू केला की खालच्या दोन तारांचा भरणाच जातो. आमच्याकडे बेस गिटार नाही. मी, कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड एवढेच, त्यामुळे ते फार जाणवतं. शिवाय खोलीत एक सततची भणभण आहे, ती गिटार फिरवली की कमीजास्त होते.

दुकानात विचारलं तर नवा, महागातला डिले घ्या म्हणाले. पैसे घालण्याआधी इथे विचारावं म्हटलं. कुठून सुरुवात करू?

रिफवाला:

भणभणीसाठी अँपच्या प्लगची अर्थची पिन काढून बघ. आमच्या प्रॅक्टिस रूमवर तेच केलं, लगेच शांत झालं. डिले मात्र बदलावाच लागेल असं वाटतं.

डागपक्का (पुणे):

अर्थची पिन काढायची नाही, कुणीही नाही. रिफवाला, तुम्ही काढली असेल तर आजच परत बसवा. गिटारच्या तारा पुलावाटे, केबलच्या जाळीवाटे थेट अँपच्या लोखंडी चेसिसला जोडलेल्या असतात. अँपच्या आत बिघाड होऊन चेसिसवर २३० व्होल्ट आले तर ते जमिनीत उतरायला अर्थ ही एकच वाट असते. ती तोडली की पुढची वाट म्हणजे वाजवणारा: हात तारांवर, ओठ माइकला. मी अँप दुरुस्त करतो आणि अशी पिन कापलेले प्लग माझ्याकडे येतात. ते नवा प्लग बसवल्याशिवाय मी परत देत नाही.

आता तारसप्तक, तुमचं. ही चार वेगवेगळी दुखणी आहेत आणि नवा डिले त्यातल्या एकावरही औषध नाही.

बद्दपणापासून सुरू करू. सिंगल कॉइल पिकअपचं इंडक्टन्स अडीच हेन्रीच्या आसपास असतं. केबलमध्ये दर मीटरला साधारण १०० पिकोफॅरड कपॅसिटन्स असतं. दोन्ही मिळून वरच्या पट्टीत एक उंचवटा तयार होतो आणि स्ट्रॅटचा टणत्कार म्हणतात तो तिथे असतो. ३ मीटरच्या केबलला हा उंचवटा ५ किलोहर्ट्झच्या जवळपास पडतो. तुमच्याकडे दोन मोठ्या केबली आणि मधले तुकडे धरून १३ मीटर होतात. तेवढ्यात तो २७०० हर्ट्झच्या आसपास घसरतो आणि त्याच्या वरचं सगळं उतरत जातं. ट्रू बायपास म्हणजे बंद पेडलचं सर्किट वाटेतून बाजूला होतं, एवढंच. केबल सगळीच्या सगळी पिकअपच्या मानेवर राहते.

उपाय म्हणजे बफर: सिग्नल तसाच ठेवून त्याला पुढची लांब केबल पेलायचं बळ देणारं छोटं सर्किट. तो फझच्या आधी नको, फझच्या नंतर हवा. १९६६ सालच्या फझ फेस पेडलपासून चालत आलेल्या या दोन ट्रान्झिस्टरच्या सर्किटचा इनपुट इम्पीडन्स (येणाऱ्या सिग्नलला होणारा अडथळा) फार कमी असतो, ते पिकअपशी थेट बोलतं. म्हणूनच गिटारचा व्हॉल्यूम थोडा उतरवला की फझ निवळून काचेसारखा स्वच्छ होतो. मधे बफर आला की ती गंमत जाते, वरून आवाज चिरका होतो.

वेगळी डबीही नको. ओव्हरड्राइव्हच्याच डबीत, इनपुट जॅक आणि फूटस्विच यांच्या मधे बफर बसवा, म्हणजे ओव्हरड्राइव्ह बंद असतानाही तो चालू राहील. टीएल०७२ घ्या, ही दोन अँप्लिफायर असलेली आयसी (चिप) आहे. त्याच्या एका अर्ध्या भागाचं आउटपुट त्याच्याच उणे पायाला जोडा. अधिक पायाला १ मेगओममधून साडेचार व्होल्ट द्या आणि सिग्नल ०.१ मायक्रोफॅरडमधून त्याच पायावर आणा. बाहेर पडताना १०० ओम आणि १ मायक्रोफॅरड. उरलेला अर्धा भाग लोंबकळत ठेवू नका: त्याचंही आउटपुट उणे पायाला जोडा आणि अधिक पाय साडेचार व्होल्टला बांधा, नाहीतर तोच कुठेतरी गुणगुणत बसतो. साडेचार व्होल्ट ओव्हरड्राइव्हच्या बोर्डावर आहेतच, तिथूनच घ्या. सगळं सामान बुधवार पेठेत किंवा मुंबईला लॅमिंग्टन रोडवर एका फेरीत मिळतं, नाशिकमध्येही मिळेल. शिवाय गिटार ते बोर्ड ही केबल ३ मीटरची करा, कारण बफर फक्त त्याच्या पुढच्या केबलीचं ओझं उचलतो.

शिट्टी. ओव्हरड्राइव्ह अडॅप्टरवरून काढा, त्याला ९ व्होल्टचा चौकोनी सेल लावा आणि ऐका. शिट्टी गेली तर दोष वीज वाटण्यात आहे, डिलेत नाही. डिजिटल पेडल आतल्या क्लॉकच्या तालावर झटक्याझटक्याने करंट ओढतं. ते झटके सामाईक ग्राउंडच्या वायरीतून परत जातात आणि त्याच वायरीवर ओव्हरड्राइव्ह उभा असतो. ड्राइव्ह पूर्ण उघडला तर त्या सर्किटचं गेन सुमारे ११८ पट आहे. बारीकशी शिट्टीसुद्धा एवढी वाढली की कानाला सोसत नाही. डिलेला स्वतंत्र अडॅप्टर द्या, ९ व्होल्ट, मधली पिन उणे, आणि डिलेच्या पाठीवर लिहिलेल्या मिलिअँपपेक्षा जास्त क्षमतेचा. ओव्हरड्राइव्हसारखं ॲनालॉग पेडल ५–१० मिलिअँपवर भागवतं. डिजिटलला शंभराच्या वरही लागतात. पुढे कधी पैसे घालायचे झाले तर आयसोलेटेड पॉवर सप्लायमध्ये घाला, ज्यात प्रत्येक आउटपुट एकमेकांपासून तोडलेलं असतं. बोर्डावरची सगळ्यात कंटाळवाणी खरेदी तीच, पण रोज कानाला सुख तीच देते.

भणभण. खोलीतल्या पंख्याचा रेग्युलेटर गोल फिरणारा, पायऱ्या नसलेला असेल तर पंखा बंद करून ऐका. त्यातला ट्रायॅक सेकंदाला १०० वेळा वीज कापतो आणि सिंगल कॉइल ते सगळं पकडतं. खटक्यांचा, कपॅसिटरवाला रेग्युलेटर बसवला की हा त्रास जवळजवळ जातो. इन्व्हर्टरवर वाजवत असाल तर स्क्वेअर वेव्हचा इन्व्हर्टरही असाच गुरगुरतो. गिटारच्या पिकअप निवडायच्या स्विचची दुसरी आणि चौथी जागाही बघा. मधला पिकअप उलट गुंडाळलेला असेल तर त्या दोन जागांवर घूं बरीच कमी होते.

आता ओव्हरड्राइव्ह, माझा आवडता भाग. ट्यूब स्क्रीमरमध्ये उणे पायापासून ग्राउंडकडे ४.७ किलोओम आणि ०.०४७ मायक्रोफॅरड अशी जोडी असते. तिचं गणित ७२० हर्ट्झला येतं. त्याच्या खाली गेन उतरत जातं, म्हणून खालच्या तारांना धार मिळत नाही. सोबत बेस गिटार असेल तर हे वरदान आहे, कारण खालची जागा मोकळी राहते. तुमच्याकडे ती जागा भरायला कुणी नाही. तो कपॅसिटर ०.१ करा, कोपरा (गेन उतरायला लागतं ती जागा) ३४० हर्ट्झवर येईल. थेट डाग देऊ नका. गोल पिनांच्या आयसी सॉकेटच्या दोन पिना तोडून बोर्डावर बसवा, म्हणजे कपॅसिटर हाताने बदलता येईल. आयसी ४५५८ आहे की आणखी कुठली यावर लोक रात्री जागवतात; माझ्या कानाला हा एक कपॅसिटर त्याहून कितीतरी जास्त फरक करतो. क्लिपिंगचे (सिग्नलची टोकं छाटणारे) डायोड काढून एलईडी लावा असंही कुणी सांगेल. सध्या नको. एलईडीने आवाज मोठा आणि मोकळा होतो, पण स्वर दाबून धरायचा गुण कमी होतो, आणि इतक्या लहान संचात तुम्हाला तोच हवा आहे.

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि कार्यक्रमात असतो तेवढ्या आवाजात ऐका. झोपायच्या खोलीत हळू वाजवून ठरवलेला टोन बाहेर टिकत नाही.

मंद्रसाधना:

डागपक्का यांच्या बहुतेक मुद्द्यांशी सहमत, पण ०.१ बद्दल नाही. मी बेस वाजवते आणि कीबोर्डवाल्यांचे डावे हात भरपूर ऐकले आहेत. बेस नाही म्हटल्यावर कीबोर्डवाला खाली पसरतोच. त्यावर ३४० हर्ट्झपासून कुरकुरणारी गिटार आली की सगळा चिखल. ०.०६८ लावून बघा, कोपरा ५०० हर्ट्झच्या आसपास बसतो. आधी कीबोर्डवाल्याला विचारा की तो डाव्या हाताने काय वाजवतो. ते ठरल्याशिवाय कुठलाच कपॅसिटर बरोबर वाटणार नाही.

डागपक्का:

मुद्दा रास्त आहे. सॉकेट आहेच, ०.०६८ पण आणून ठेवा आणि कीबोर्ड समोर असताना निवडा.

तारसप्तक:

दादा, ताई, मनापासून आभार. पिन जागेवरच आहे, तिला हात लावलेला नाही. सेल लावल्यावर शिट्टी पूर्ण गेली, म्हणून डिलेला वेगळा अडॅप्टर दिला. पंख्याचा रेग्युलेटर गोल फिरणाराच निघाला. पंखा बंद केला की भणभण निम्म्याहून कमी. बफर ओव्हरड्राइव्हच्या डबीत बसवला आणि पहिल्याच कॉर्डला वरच्या तारा परत आल्या. ०.१ वर एकटं वाजवताना फार छान वाटलं, पण तालमीत ताईंचं खरं ठरलं, कीबोर्डच्या डाव्या हाताशी टक्कर व्हायला लागली. आता ०.०६८ आहे आणि आम्ही तिघंही खूश आहोत.

शेवटचं एक: चेन केबलचा एक फाटा आता मोकळा आहे. फझ त्यावर लावू का? सेलचा खर्च वाचेल.

डागपक्का:

लावू नका. एसी१२८ हा पीएनपी ट्रान्झिस्टर आहे आणि मूळ पद्धतीने बांधलेल्या फझमध्ये अधिक बाजू ग्राउंडला असते. बाकीच्या पेडलांत उणे बाजू ग्राउंडला. दोन्ही एका चेनवर आली की ग्राउंडमधून अडॅप्टर शॉर्ट होतो. हा फझ सेलवरच छान वाजतो, आणि एका मिलिअँपहूनही कमी ओढतो, त्यामुळे सेल महिनोन्महिने पुरतो. फक्त वाजवून झालं की इनपुटची केबल काढून ठेवा. जॅक आत असेपर्यंत सेल चालूच राहतो.

आणि उन्हाळ्याची तयारी आत्ताच करा. जर्मेनियम तापलं की त्याची गळती वाढते आणि बायस (ट्रान्झिस्टरला ठरवून दिलेला व्होल्टेज) सरकतो. एप्रिलमध्ये दुपारच्या मोकळ्या मंडपात हाच फझ अडखळत, थुंकल्यासारखा वाजेल. दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवर ८.२ किलोओमचा रेझिस्टर आहे, त्याच्या जागी १० किलोओमचा ट्रिमपॉट (फिरवून बदलता येणारा रेझिस्टर) बसवा. मीटरची काळी पिन ग्राउंडला, लाल कलेक्टरला, आणि आकडा उणे साडेचारच्या आसपास येईपर्यंत फिरवा. कार्यक्रमाच्या जागी पोहोचल्यावर डबी सावलीत अर्धा तास ठेवून मगच हे करा.