मदत हवी आहे: प्रार्थना विनंतीतून दुसऱ्याचं खाजगी बाहेर पडतंय

जय ख्रिस्त! आम्ही बडोद्यातली काही मराठी ख्रिस्ती कुटुंबं. प्रार्थनेसाठी आमचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे, तो मी सांभाळते. त्यात एक ज्येष्ठ मावशी मनापासून विनंत्या टाकतात, पण सगळ्या तपशिलासकट. परवाची विनंती: "अमक्याची सून माहेरी गेलीये, नवरा पितो, प्रार्थना करा." त्या सुनेला विचारलंच नव्हतं. तिची नणंदही ग्रुपमध्ये आहे!

मावशींचा हेतू वाईट नाही, हे आधीच सांगते. सयाजी हॉस्पिटलात कोणी ॲडमिट झालं की डबा घेऊन पहिल्या त्याच पोचतात. म्हणून त्यांना दुखवायचं नाही.

बायबलमध्ये मत्तय 18:15 सांगतं, कोणी आपला अपराध केला तर आधी त्याच्याशी एकांतात बोलावं; त्याप्रमाणे त्यांच्याशी एकटीने बोलून झालं. "मी खोटं काय लिहिलं?" असं म्हणाल्या. खरंच, खोटं काहीच नव्हतं. मग उपासनेत सर्वांसमोर इफिस 4:29 वाचलं, ऐकणाऱ्याचं भलं होईल तेच बोलावं म्हणून. सगळ्यांनी आमेन म्हटलं, फरक शून्य. त्यांना ग्रुपमधून काढणं किंवा ग्रुप फक्त ॲडमिनपुरता करणं नको; बऱ्याच जणींना तोच आधार आहे. आमच्या चर्चचे पाळक सध्या गावाला गेलेत.

नीतिसूत्रे 11:13 मध्ये विश्वासू माणूस गुप्त गोष्ट झाकून ठेवतो असं आहे. ते मावशींना आरोप न वाटता कसं सांगू? आणि अपराध माझ्याविरुद्ध नाही, त्या सुनेविरुद्ध झालाय. मग मत्तय 18:16 प्रमाणे पुढची पायरी म्हणून आणखी एक-दोघींना साक्षीला सोबत नेणं इथे लागू होतं का?