करामत नव्हे, कलम

अमेरिकन कलाकार सॅम व्हॅन एकन यांचं ‘चाळीस फळांचं झाड’ (एकाच झाडावर चाळीस प्रकारची फळं) ही नुसती करामत आहे, असं काही जण म्हणतात. मला नाही पटत. न्यूयॉर्क राज्यातली एक जुनी फळबाग तिथल्या जातींसकट बंद पडणार होती. २००८ पासून त्यांनी तिथल्या पीच, आलुबुखार, जर्दाळूच्या जाती डोळा-कलमाने (एका झाडाच्या फांदीवरचा डोळा, म्हणजे कळी, दुसऱ्याच्या सालीत बसवून) एकाच खोडावर वसवल्या. वसंतात त्यावर गुलाबी, पांढरा, किरमिजी बहर एकदम येतो.

आपल्या रायवळ आंब्याचं दुखणं तेच. कोयीतून आलेलं प्रत्येक झाड वेगळं. ते तोडलं की ती चव गेलीच, कलम केलं असेल तरच उरते. मार्केट यार्डात मात्र हापूस, केसर, पायरीपुढे कोणी बोलत नाही. (रायवळाच्या फोडी होत नाहीत म्हणे! अहो, चोखा की.) व्हॅन एकन यांच्यासारखं पुण्यातल्या चित्रकारांनीही कॅनव्हासआधी मुळशी-भोरच्या बांधांवरून रायवळाच्या कलमाच्या काड्या आणाव्यात.